वाइंडिंगच्या टेबलावरून जनरेटरच्या ओट्यावर: आमची वाटचाल

आमच्या दुकानातलं पहिलं मशीन म्हणजे हातानं फिरवायचं वाइंडिंग मशीन. वडिलांनी बेळगावच्या शहापुरात एका भाड्याच्या खोलीत ते मांडलं. वडगाव-शहापूरच्या मागांच्या मोटारी जळायच्या, त्यांत नवी तार भरून द्यायची, एवढाच धंदा. शाळेतून आलं की मी जळक्या मोटारींतली तांब्याची तार उपसायला बसायचो. व्हार्निशचा वास अंगाला असा बसलेला, की वर्गात शेजारचा पोरगा नाक धरायचा.

जनरेटरकडे आलो ते गणपतीमुळे. बेळगावात विसर्जनाची मिरवणूक रात्रभर चालते आणि प्रत्येक मंडळाला ट्रॉलीवर भाड्याचा जनरेटर लागतो. वडिलांनी एक जुनं पीटर इंजिन घेतलं, अल्टरनेटर, म्हणजे इंजिनाला जोडून वीज तयार करणारा भाग, आमच्याच टेबलावर भरला. ते चालू करायला दोघं लागायचे. एकानं हँडल मारायचं, दुसऱ्यानं वेग आला की वरचा खटका सोडायचा. हात वेळेवर निघाला नाही तर मनगट गेलंच म्हणून समजा. त्या इंजिनामागून कपिलेश्वराच्या तलावापर्यंत किती वेळा चालत गेलो त्याचा हिशेब नाही, खरं मूर्ती कधी नीट बघितली नाही. नजर सगळी व्होल्टमीटरवर.

घरगुती जनरेटरची मागणी नंतर आली. आधी डॉक्टर, मग टिळकवाडी-हिंदवाडीतले बंगले, मग खानापूरकडचे शेतातले वाडे. तिकडं जांबोटी-कणकुंबी भागात पाऊस लागला की झाड तारेवर पडतं आणि करंट एकदा गेला की कधी दोन-दोन दिवस येत नाही. आम्ही सेट विकायचो, ओट्यावर बसवायचो, पैसे घेऊन यायचो. त्यात शिकण्यासारखं काही असेल असं तेव्हा वाटलं नव्हतं.

ते शिकवलं एका लाइनमननं. पंधरा-सोळा वर्षं झाली असतील. खानापूर तालुक्यातल्या एका सुट्या घराला आम्ही पेट्रोलवरचा लहान जनरेटर दिला. मालकाला खर्च नको होता. म्हणून दोन्ही टोकांना पिन असलेली वायर करून दिली: एक टोक जनरेटरमध्ये, दुसरं घरातल्या सॉकेटमध्ये. घरभर करंट. फक्त आधी मेन स्विच बंद करायचा, एवढं तोंडी सांगितलं. जुलैत फांदी पडून त्या घराची सर्व्हिस वायर खांबाजवळ तुटली. मालकानं जनरेटर लावला आणि मेन बंद करायला विसरला. रस्त्यावरच्या चिखलात पडलेल्या वायरीत आमचाच करंट वाहत होता.

लाइनमननं वायर उचलायच्या आधी टेस्टर लावला म्हणून तो वाचला. मग आवाजाच्या रोखानं चालत तो त्या घरी गेला. मालकानं मला फोन केला. मी पोचलो तेव्हा लाइनमन पडवीत ओल्या कपड्यानं बसला होता, पुढ्यात चहा गार झालेला, मांडीवर ती दोन पिनांची वायर. ओरडला नाही. वायर वर धरून एवढंच विचारलं, "इदु यारु माडिद्दु?" हे कुणी केलं? मी म्हटलं, आम्हीच. त्यानं वायर माझ्या हातात दिली आणि उठून कामाला गेला.

ती वायर दुकानात खिळ्याला टांगलेली आहे. चेंजओव्हर स्विचशिवाय आम्ही त्यानंतर एकही सेट जोडलेला नाही. चेंजओव्हर म्हणजे फार मोठं काही नाही. दांडा एका बाजूला असला की खांबावरचा करंट, दुसऱ्या बाजूला जनरेटरचा, मध्ये बंद. दोन्ही एकदम जोडले जाऊच शकत नाहीत. नुसता फेज नाही, न्यूट्रलसुद्धा तुटला पाहिजे. "एवढ्यासाठी कशाला पैसे अण्णा?" असं विचारणारं गिऱ्हाईक आजही येतं. त्याला आम्ही खिळ्याकडं बोट दाखवतो.

दुसरी चूक उलट दिशेची. हिंदवाडीतल्या एका बंगल्याला १५ केव्हीएचा, म्हणजे साधारण बारा किलोवॅट ताकदीचा, डिझेल सेट दिला. मालकालाच मोठा हवा होता, आणि मोठ्या सेटला आम्ही नाही कशाला म्हणू? घरातला खरा लोड दीड किलोवॅट. डिझेल इंजिन तीस टक्क्यांखाली सतत चाललं की नीट तापत नाही, अर्धवट जळलेलं डिझेल आणि ऑइल सायलेन्सरमधून बाहेर पडतं. दोन वर्षांत शेजाऱ्याच्या नव्यानं रंगवलेल्या भिंतीवर काळे शिंतोडे उडाले. भिंत आम्ही रंगवून दिली.

तेव्हापासून आधी क्लॅम्प मीटर, म्हणजे तारेभोवती धरून करंट मोजायचं मीटर, घेऊन घरी जातो. दिवे-पंख्यांना चारशे वॅट, फ्रीजला दोनशे, टीव्ही, राउटर. इथपर्यंत सोपं असतं. घोळ बोअरच्या मोटारीत. एक एचपीची सिंगल फेज मोटार चालताना सहा-सात अँपिअर घेते, सुरू होताना त्याच्या चार-पाच पट. ५ केव्हीएच्या सेटची सगळी ताकदच जेमतेम बावीस अँपिअरची. बटण दाबलं की दिवे मंद होतात, सेट कण्हतो, मोटार फिरतच नाही. उपाय दोन: ७.५ केव्हीए घ्या, नाहीतर मोटार जनरेटरच्या लाइनवर घेऊच नका. करंट असताना टाकी भरून ठेवा. दुसऱ्या उपायात आमचं बिल कमी होतं, खरं बहुतेकांना तोच सांगतो.

आणि स्पष्टच सांगायचं तर शहरातल्या निम्म्या घरांना जनरेटर नकोच असतो. तास-दोन तास करंट जात असेल तर १५० एएचची एक बॅटरी आणि इन्व्हर्टर बास. तीनशे वॅट धरले तर साडेतीन-चार तास निघतात. लिटरभर डिझेलमागं चांगल्या लोडवर तीनएक युनिट मिळतात, म्हणजे युनिटला तीस रुपये नुसतं डिझेल. ज्याचं महिन्याचं बिल कर्नाटक सरकारच्या गृहज्योती योजनेमुळं शून्य येतं, त्याला हा आकडा सांगितला की तो चहा संपवतो आणि इन्व्हर्टरकडं बघायला लागतो.

२०१९ च्या ऑगस्टमध्ये मात्र आमचा कुठलाच हिशेब चालला नाही. महापूर आला, शहरातल्या सखल भागात पाणी, खेड्यांत कित्येक दिवस अंधार. दुकानात होते नव्हते ते सगळे सेट गेले, मिरवणुकीचेसुद्धा. त्या आठवड्यात जास्त फोन आले ते "पाऊस लागतोय, जनरेटर पडवीत घेऊ काय?" असे. ज्याला त्याला नको म्हणून सांगितलं. धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, माणूस झोपेतच जातो. वर पत्रा टाका, खरं भिंत करू नका. पुढं कोरोनात घरी ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर लावलेल्यांचे फोन आले. ते मशीन तीन-चारशे वॅटचं, खरं मिनिटभरही थांबून चालत नाही. तिथं इन्व्हर्टर आणि त्याच्या पाठीशी जनरेटर, अशी जोडी पहिल्यांदा लावली. त्या बिलांमधली काही अजून यायची आहेत. मागायला कोण जाणार.

सीमेवरच्या धंद्याचं विचारतात लोक. शिनोळीपलीकडचं, महाराष्ट्रातल्या चंदगडचं गिऱ्हाईक आमचं नेहमीचं. पूर्वी सेट त्या बाजूला न्यायचा म्हणजे नाक्यावर कागदांची थप्पी, १ जुलै २०१७ ला जीएसटी आला, आता आयजीएसटीचं, म्हणजे दोन राज्यांमधल्या विक्रीचं, बिल आणि महाग सेटला ऑनलाइन ई-वे बिल केलं की झालं. बोर्ड कन्नडमध्ये, हिशेबाची वही मराठीत, सेटवरची पुस्तिका इंग्रजीत. मुलाला तिन्ही येतात, मला अडीच.

१ जुलै २०२३ पासून डिझेल सेटला प्रदूषणाचे नवे नियम लागले आणि किमती चढल्या. धुराच्या नळकांड्याचा नियम मात्र जुनाच. १५ केव्हीएच्या सेटला ते घराच्या उंचीहून पाऊण मीटर वर न्यावं लागतं. लोक त्यावर पैसे वाचवायला बघतात आणि मग धूर वरच्या बेडरूममध्ये जातो.

विकण्यापेक्षा सांभाळण्याचं काम आता जास्त आहे. सेट बंद पडतो तो बहुतेक वेळा बॅटरी उतरल्यामुळं, कारण वर्षभर कुणी हात लावलेला नसतो. म्हणून शनिवारी दहा-पंधरा मिनिटं लोडवर चालवा, असं प्रत्येकाला सांगतो. नेमानं ऐकणारी एक आज्जी आहे, कणकुंबीच्या वाटेवर एकटी राहते, मुलगा पुण्यात. तिला आपोआप सुरू होणारं पॅनेल लावा म्हणून मुलानं धरलं होतं. तिनंच नको म्हटलं, दांडा बरा, डोळ्यांना दिसतो. आम्ही दांड्याच्या एका बाजूला खांबाचं चित्र काढून दिलं, दुसऱ्या बाजूला जनरेटरचं. शनिवारी सेट चालू करून ती फोन लावते आणि त्याच्याजवळ धरते. "ऐकलास काय रे? चालू हाय न्हवं?"

गेल्या महिन्यात एका शनिवारी फोन आला नाही. सोमवारी माझ्या मुलाला पाठवलं. आज्जी ठणठणीत. उंदरानं कॅनॉपीत, म्हणजे सेटवरच्या पेटीत, शिरून बॅटरीची वायर कुरतडली होती, आणि सेट लागला नाही हे कसं सांगायचं म्हणून ती दोन दिवस गप्प बसली होती. मुलानं वायर बदलली, खालच्या फटीला जाळी मारली, आणि येताना पिशवीभर फणसाचे गरे घेऊन आला.