“तोच म्हणतोय ना, दाबा म्हणून!”

काकूंचं बोट स्क्रीनला टेकणार, तेवढ्यात मी ओरडलोच. “काकू, थांबा!”

दांडिया बाजारातलं त्यांचं घर. ओटीजी (टॅबला यूएसबी वस्तू जोडायचा अडॅप्टर) लावून टॅबला पेनड्राइव्ह जोडलेला, आत नातवाच्या मुंजीचे फोटो. आणि टॅब सांगतोय, हा ड्राइव्ह चालत नाही, सेट करायला इथे दाबा. दाबत गेलं की पुढे येतं फॉरमॅट. म्हणजे मुंज पुसली!

काकू शांतपणे म्हणाल्या, “अरे, तोच म्हणतोय ना, दाबा म्हणून.”

यावर काय बोलणार?

पेनड्राइव्ह धडधाकट होता. फोटोवाल्याने तो एनटीएफएसमध्ये, म्हणजे विंडोजच्या फाइल-मांडणीत, भरून दिलेला, आणि बरेच अँड्रॉइड टॅब ते वाचत नाहीत. घरी लॅपटॉपवर सगळं दुसऱ्या, एफएटी३२ (टॅबला वाचता येणारी जुनी मांडणी) वाल्या पेनड्राइव्हवर घेतलं. फोटो लगेच दिसले. व्हिडिओ मात्र राहिला, कारण एफएटी३२ मध्ये ४ जीबीची एक फाइल मावत नाही, नि हा चांगला तीन तासांचा!

२०११ मध्ये अँड्रॉइड ३.१ आलं, तेव्हापासून पेनड्राइव्ह, माऊस, कीबोर्ड जोडायची सोय आहे. पण ‘तुमचे फोटो आत असतील, मला फक्त वाचता येत नाहीत’ एवढं साधं वाक्य अजून कुणाला सुचलेलं नाही. थेट पुसायचंच आमंत्रण.

काकूंना आता जुनी हार्ड डिस्कही जोडायची आहे. ती फिरवायला टॅबची वीज पुरते का, रविवारी बघू. कुणी करून पाहिलंय?