एका शॉटचे पाच वाटेकरी

व्हँकुव्हरला पहाटेचे साडेपाच म्हणजे सोलापुरात संध्याकाळचे सात, त्या हिवाळ्यात साडेतेरा तासांचा फरक होता. फेब्रुवारीतल्या त्या पहाटे बाहेर इथला नेहमीचा बारीक पाऊस चालू होता आणि मी फोन पाण्याच्या बाटलीला टेकवून बसलो होतो, कारण तिकडे सोलापूरच्या पूर्व भागात, विणकरांच्या वस्तीत, काकांच्या चादरींच्या कारखान्यापुढच्या मोकळ्या जागेत आमची सोलापूरवरची फिल्म पहिल्यांदा सगळ्यांना दाखवणार होते. पडदा म्हणून पांढरी चादर ताणून बांधलेली, पुढच्या ओळीत कांड्या भरणाऱ्या, म्हणजे मागासाठी नळ्यांवर धागा गुंडाळणाऱ्या बायका, आणि मधल्या खुर्चीत अम्मा.

अम्मा म्हणजे काकांच्या कारखान्यात कित्येक वर्षं कांड्या भरणारी आजी. घरात तेलुगू, आमच्याशी मराठी, आणि चिडली की दोन्हीची मिसळ. आमच्या फिल्ममधला सगळ्यात चांगला शॉट तिचाच. चरख्यावर कांडी फिरतेय, तिची बोटं धागा सोडतायत, आणि मग कॅमेरा हळूहळू उजवीकडे सरकत तिच्या चेहऱ्यावर येतो. आतेभावाने घेतलाय तो, तिच्या घरी, खिडकीतून येणाऱ्या उजेडात. फक्त मागच्या भिंतीवर तिच्या गेलेल्या मुलाचा हार घातलेला फोटो होता. शूटिंगच्या वेळी ती काही बोलली नाही, पण चार दिवसांनी काकांना म्हणाली की माझं तोंड दाखवा, हात दाखवा, पण पोराचा फोटो नको.

हे ऐकल्यावर फोटो झाकायचा यात दुसरा विचारच नव्हता, मी त्याच रात्री बसून झाकला. आणि तरीही त्या पहाटे मोठी फिल्म चालू झाली, तिचा शॉट आला, पहिले सहा सेकंद सगळं ठीक आणि शेवटचे तीन सेकंद तो फोटो अख्खा पडद्यावर. मला फोनमध्ये अम्माची पाठ तेवढी दिसत होती, तिने पदर तोंडावर घेतला. कोणी काही बोललं नाही. मी इथून काय करणार होतो, बारा हजार किलोमीटरच्या आसपास लांबून.

आता हे का झालं ते नीट सांगतो, कारण घरचे सगळे विचारतात की तू तिकडे नेमकं काय काम करतोस, आणि माझं कामच हे आहे.

मी इथे एका पोस्ट प्रॉडक्शन स्टुडिओत असिस्टंट एडिटर आहे. मालिकांवर काम असतं. एका मालिकेचा एक भाग म्हणजे एकच भाग नसतो, त्याचा मुख्य कट, म्हणजे शॉट जोडून केलेली आवृत्ती, असतो, पुढच्या भागाच्या सुरुवातीला 'मागील भागात' येतं त्यात त्यातलेच शॉट असतात, ट्रेलरमध्ये असतात, प्रोमोत असतात, विमानात दाखवायची वेगळी आवृत्ती असते. एकच शॉट आणि त्याची बिऱ्हाडं पाच-सहा ठिकाणी. समजा त्या शॉटमध्ये मोबाइलच्या हिरव्या स्क्रीनवर नंतर काहीतरी बसवायचंय, तर ते बसवलेलं प्रत्येक ठिकाणी गेलं पाहिजे, नाहीतर मुख्य भागात स्क्रीनवर मेसेज दिसतो आणि ट्रेलरमध्ये हिरवा चौकोन. मी नवीन होतो तेव्हा माझी सीनियर कुठलाही बदल सांगितला की आधी एकच प्रश्न विचारायची, हा शॉट अजून कुठे कुठे राहतो? मला तेव्हा तो प्रश्न फार आवडला होता. आणि गावच्या फिल्मला, जिथे माणसं माझी स्वतःची, तिथे तो मी स्वतःला विचारला नाही, याचं मला अजूनही वाईट वाटतं.

आमच्या फिल्मचे पाच कट होते. चौदा मिनिटांची मोठी, सात मिनिटांची, तीन मिनिटांची, एक मिनिटाची उभी मोबाइलसाठी, आणि इथल्या आपल्या मराठी लोकांच्या पोरांना कळावी म्हणून इंग्रजी सबटायटल असलेली चौदा मिनिटांचीच. अम्माचा शॉट पाचही ठिकाणी. पण प्रत्येक ठिकाणी तुकडा वेगळा, आणि खरी गोम तिथेच आहे. मूळ क्लिप दीड मिनिटाची. मोठ्या फिल्ममध्ये ४१व्या सेकंदापासून ५०व्यापर्यंत, सात मिनिटांच्या कटमध्ये ३९ ते ४५, तीन मिनिटांच्यात ४४ ते ४७, आणि उभ्यात जेमतेम दीड सेकंद. मी त्या रात्री तीन मिनिटांचा कट उघडून बसलो होतो, म्हणून फोटोवर मास्क, म्हणजे झाकण, लावून ट्रॅकिंग केलं, म्हणजे कॅमेरा हलला तरी ते फोटोबरोबर सरकेल असं केलं, ते ४४ ते ४७ एवढंच. रिझॉल्व्ह या एडिटिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये ग्रेडला, म्हणजे शॉटच्या रंग-उजेडाच्या आणि मास्कच्या कामाला, रिमोट ठेवलं की एकाच मूळ क्लिपचे जिथे जिथे तुकडे असतील तिथे तो बदल आपोआप जातो, आणि तो गेलाही, चांगला पाचही कटमध्ये गेला. मी सगळीकडे जाऊन शॉटची पहिली फ्रेम बघितली, फोटो झाकलेला दिसला, झोपलो. ४७ च्या आधी कॅमेरा जवळजवळ स्थिर आहे त्यामुळे मास्क जागेवर बसत होता. ४७ नंतर कॅमेरा सरकतो, फोटो फ्रेममध्ये डावीकडे जातो आणि मास्क मात्र जिथल्या तिथे. म्हणजे शॉट सगळ्यांचा झाला होता पण दुरुस्ती एकाच्याच मापाची होती.

व्हीएफएक्सला, म्हणजे चित्रात नंतर काही बसवणाऱ्या किंवा काढणाऱ्या टीमला, शॉट पाठवताना हे रोज करतो आम्ही. सगळ्या कटमधला सगळ्यात आधीचा इन, म्हणजे तुकडा सुरू होतो ती जागा, आणि सगळ्यात शेवटचा आउट, म्हणजे संपतो ती, घ्यायचा, दोन्ही बाजूंना थोड्या फ्रेम जास्तीच्या धरायच्या, ज्याला हँडल म्हणतात, आणि तेवढ्या सगळ्या लांबीवर काम एकदाच करून घ्यायचं. अम्माच्या शॉटला ते ३९ ते ५० झालं, अकरा सेकंद, सेकंदाला २५ फ्रेमच्या हिशेबाने २७५ फ्रेम, बारा-बारा फ्रेमचे हँडल धरून २९९. एवढंच करायचं होतं. वीस मिनिटांचं काम.

दुसऱ्या दिवशी आतेभावाचा फोन आला. मला वाटलं रागावेल, तो म्हणाला, "काय बे, जेवला का?" मग बराच वेळ दोघं गप्प, आणि मग आम्ही सगळं पहिल्यापासून लावायला घेतलं.

आपल्याकडे सामाईक विहीर असते ना, सातबाऱ्यावर नोंद असते कोणाचा किती हिस्सा. तसाच प्रत्येक शॉटचा सातबारा काढायचा ठरवलं. एक साधी शीट. आडव्या ओळीत शॉट, उभ्या रकान्यात पाच कट, आणि प्रत्येक चौकोनात इन-आउट. शॉटला आपला स्वतःचा नंबर, दहा-दहाने वाढणारा, ०१०, ०२०, ०३०, म्हणजे मध्ये नवीन शॉट आला तर ०२५ देता येतो आणि बाकीचे हलवावे लागत नाहीत. नंबर देताना कळलं की घोळ आधीपासूनच होता. दोन कॅमेरे होते आणि दोघांनीही आपापल्या कार्डावर सी००१२ नावाची फाइल बनवलेली, एकात कारखाना आणि एकात गड्ड्याची, म्हणजे सिद्धेश्वराच्या यात्रेची, गर्दी. कॅमेऱ्याने दिलेल्या नावावर विसंबलं आणि हार्ड डिस्क बदलून लिंक पुन्हा जोडली की सॉफ्टवेअर बिनधास्त चुकीची फाइल उचलतं. म्हणून कार्डागणिक फोल्डर आणि प्रत्येक क्लिपला रीलचं नाव वेगळं. आतेभावाच्या फोनवरचं फुटेज तर अजून वेगळं, फोनचा फ्रेम रेट हलता असतो, त्याच्या इन-आउटचा भरवसा नाही, ते सगळं आधी २५ वर करून घेतलं आणि मगच शीटमध्ये चढवलं. तीन रविवार गेले यात, त्याचा रविवार सकाळ आणि माझा शनिवार रात्र.

पाटीवरच्या मजकुराचंही तेच. फिल्मच्या सुरुवातीला येतं की सोलापुरातली जुनी मिल १८७७ साली सुरू झाली. एका कटमध्ये ते १८८७ टाइप झालेलं. टायटल प्रत्येक टाइमलाइनवर कॉपी करून टाकलं होतं, त्यामुळे पाच ठिकाणी पाच वेगळी टायटलं, एक सुधारलं तर बाकीच्यांना पत्ता नाही. आता ती पाटी एका छोट्या वेगळ्या टाइमलाइनमध्ये ठेवलीय आणि तीच टाइमलाइन पाचही कटच्या आत बसवलीय, तिथे आकडा बदलला की सगळीकडे बदलतो.

हे सगळं ऐकून काका म्हणाले ते मला फार महत्त्वाचं वाटतं. जॅकार्डवर डिझाइनची पुठ्ठ्याची कार्डं असतात, भोकं पाडलेली, एकाला एक शिवून माळ केलेली. काका म्हणाले, कार्डात एक भोक चुकलं की प्रत्येक चादरीत त्याच जागी चूक येते, मग ते एक कार्ड काढून नवीन पंच करायचं, पुढचा माल सगळा चांगला येतो. "पण आधी विणून गेलेल्या चादरींचं काय करशील?"

मी सॉफ्टवेअरच्या आतलं सगळं दुरुस्त करत होतो आणि तोपर्यंत उभी फिल्म तीन फॅमिली ग्रुपवर फिरत होती, मोठी फिल्म आत्याने पुण्याला दोन घरी पाठवलेली, एक पेन ड्राइव्हवर गेलेली. त्या विणून झालेल्या चादरी. प्रोजेक्टमध्ये काहीही बदला, एक्स्पोर्ट झालेल्या फाइलला त्याचं काही नाही. मग शीटला अजून एक पान जोडलं, कुठला कट, कितवी आवृत्ती, कधी काढली, कोणाला गेली. मी स्वतः एकेकाला फोन करून मोठी फिल्म काढून टाकायला सांगितली, कारणही सांगितलं, कुणी नाही म्हटलं नाही. आत्या रडली. म्हणाली मला दिसलंच नव्हतं रे ते.

आता एक सांगतो ज्यावर आतेभाऊ आणि माझं भांडण झालं होतं. हे सगळं जमल्यावर त्याला वाटलं की सगळंच जोडून टाकू, रंग, उजेड, लांबी, सगळं एका जागी बदलायचं. मी नको म्हटलं. गड्ड्याचा एक शॉट आहे आमचा, संक्रांतीच्या सुमारास अक्षता सोहळ्याला निघालेले उंच काठ्यांचे सातही नंदीध्वज, खाली पांढऱ्या बाराबंदीतली माणसं, आणि 'हर्र बोला हर्र'चा आवाज. हा शॉट परत मिळवायचा तर पुढच्या संक्रांतीपर्यंत थांबावं लागतं. मोबाइलच्या उभ्या कटमध्ये तो पहिला येतो, लखलखीत हवा, आणि सात काठ्या उभ्या फ्रेममध्ये मावत नाहीत म्हणून तीनच ठेवल्यात. मोठ्या फिल्ममध्ये तोच शॉट बंद पडलेल्या मागांच्या अंधाऱ्या शॉटनंतर येतो, तिथे एवढा लखलखीत ठेवला तर डोळ्यांवर येतो आणि मागांची शांतता मोडते. तिथे तो थोडा दाबलेला हवा, आणि दोन सेकंद जास्त लांब. हे जोडून कसं चालेल? म्हणून तिथे ग्रेड लोकल ठेवलं, ज्याचं त्याच्यापाशी.

माझं मत असं झालंय की जे माणसाचं आहे ते सामाईक ठेवावं, चेहरा झाकणं, नाव, साल, कोणी काढा म्हटलं ते काढणं, आवाजातली खरखर, हलणारा शॉट स्थिर करणं, ते एकदाच आणि पूर्ण लांबीवर. आणि जे त्या कटचं आहे, म्हणजे शॉट किती वेळ ठेवायचा, कुठे कापायचा, आजूबाजूच्या शॉटच्या मानाने किती उजेड, ते वेगळं राहू द्यावं. आतेभावाला पटलं नाही लगेच. मग मी त्याला म्हटलं दोन्ही करून बघ आणि कारखान्यात लावून बघ. दोन दिवसांनी मेसेज आला, "होय की, मोठ्यात दाबलेलाच बरा दिसतोय."

आणि तपासणी. आता बदल झाला की प्रत्येक कटमध्ये त्या शॉटची पहिली फ्रेम, मधली, आणि शेवटची, तिन्ही बघायच्या, आणि शेवटी एक्स्पोर्ट झालेली फाइल पूर्ण चालवून बघायची, प्रोजेक्ट नाही, फाइल. चौदा मिनिटं लागतात तर चौदा मिनिटं बसायचं. शेवटचे तीन सेकंद मी त्या रात्री बघितले असते तर ती संध्याकाळ वेगळी गेली असती.

मार्चमध्ये आतेभाऊ लॅपटॉप घेऊन अम्माच्या घरी गेला, एकटाच, गर्दी नको म्हणून. मी फोनवर होतो पण कॅमेरा बंद ठेवला. मोठी फिल्म लावली. तिचा शॉट आला, गेला, आतेभाऊ काही बोलेना. मग अम्मा म्हणाली परत लाव. परत बघितला तिने, बोटांकडे बघत होती म्हणे सगळा वेळ, आणि म्हणाली माझा धागा तिथे सैल सुटतोय बघ, सकाळची वेळ होती, हात आखडलेले असतात. मग भिंतीवरच्या फोटोकडे वळून तेलुगूत काहीतरी बोलली, ते आतेभावाने मला सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही.

निघताना तिने विचारलं, हे आमच्या भाषेत येईल का, खाली अक्षरं येतात तसं, माझ्या बहिणीला मराठी वाचता येत नाही. म्हणजे आता सहावा कट, तेलुगू सबटायटलचा. शीटमध्ये रकाना जोडलाय. ओळ ०४०, कांडी, अम्मा घरी, इन ३९, आउट ५०, फोटो पूर्ण लांबीवर झाकलेला, आणि शेवटी नवीन रकाना, 'अम्माने बघितलं'. त्यात आत्तापर्यंत एकाच कटपुढे हो आहे. बाकीचे पाच घेऊन आतेभाऊ या रविवारी परत जाणार आहे.