औंध संस्थान, रस्त्यावरून: कुंडल, आटपाडी आणि दोनदा औंध

गेल्या दिवाळीपासून सातारा जिल्ह्यातल्या औंधचं जुनं संस्थान दुचाकीवरून फिरून बघायचं मनावर घेतलंय. सांगलीत राहून औंधचं वेड कसं लागलं, असं घरचे विचारतात. कारण नकाशा. हे संस्थान एका जागी नव्हतंच. औंध, कुंडल, आटपाडी आणि पार विजापूरकडचं गुणदाळ अशा चार तुकड्यांत ७२ गावं विखुरलेली, मधे दुसऱ्यांचे मुलूख. पुस्तकात ही ओळ दहा वेळा वाचली होती, पण डोक्यात चित्र काही बनत नव्हतं. ते रस्त्यावर बनायला लागलं.

सुरुवात कुंडलपासून केली, जवळ म्हणून. सांगली सोडली की थोड्याच वेळात बुधगाव लागतं. ही मिरज धाकट्या पातीची राजधानी. म्हणजे पंधरा मिनिटांत एक संस्थान संपून दुसरं सुरू झालेलं असतं आणि चहासुद्धा झालेला नसतो. पुढं नांद्रे, भिलवडी, पलूस. दोन्ही बाजूंनी ऊस आणि द्राक्षबागा. प्रत्येक थांब्यावर मी एकच प्रश्न विचारतो, तो आता पाठच झालाय: "आजोबा, तुमचं गाव पूर्वी कुणाकडं होतं?" कुंडलला पारावर बसलेल्या एका आजोबांनी काठीनं दिशा दाखवत सांगितलं, "आमी पंतांचं. आन् तकडं वगळीपल्याड सायबाचं." पंत म्हणजे औंधचे राजे पंतप्रतिनिधी, सायब म्हणजे इंग्रज. मी ती वगळ, म्हणजे छोटा ओढा, बघायला गेलो. हातभर पाणी, कडेनं घाणेरीची झुडपं, एका म्हशीची सावली. पण सांगणाऱ्याला ती सरहद्द आजही दिसत होती.

हे ऐकल्यावर प्रतिसरकारचा, म्हणजे इंग्रजांविरुद्ध उभ्या राहिलेल्या लोकांच्या समांतर सरकारचा, इतिहास वेगळा वाटायला लागला. क्रांतिसिंह नाना पाटलांच्या चळवळीचं कुंडल हे मोठं ठाणं. भूमिगतांना औंधच्या हद्दीत आसरा मिळायचा, हे वाचलेलं होतं. कसा मिळत असेल ते त्या वगळीपाशी उभं राहून उमगलं. इंग्रजी मुलखात धरपकड सुरू झाली की पावलाच्या अंतरावर दुसऱ्याचं राज्य. ७ जून १९४३ ला शेणोलीजवळ पगाराची रेल्वे लुटली गेली, ती याच पुणे-मिरज मार्गावर. शेणोलीला रुळांजवळ स्मारक आहे, जाताना जरूर थांबा.

त्याच मार्गावर किर्लोस्करवाडी. या स्टेशनाचं जुनं नाव कुंडल रोड. बेळगावातली जागा सोडावी लागल्यावर लक्ष्मणराव किर्लोस्करांना औंधच्या राजांनी इथला माळ दिला आणि १९१० मध्ये वसाहत उभी राहिली. लोखंडी नांगरानं जमिनीत विष उतरेल, अशी शेतकऱ्यांची भीती होती. ती गोष्ट लहानपणापासून ऐकलेली, पण स्टेशनाबाहेर उभं राहून ती वेगळीच लागते: समोर काळी जमीन, पाठीमागे कारखान्याच्या भिंती.

एक सूचना, अनुभवावरून. वहीत शाईच्या पेननं लिहू नका. कुंडलहून परतताना अवकाळी पावसात सापडलो, पिशवी भिजली आणि पहिल्या वहीतल्या अकरा पानांची शाई उतरली. आजोबांचे शब्द आठवून आठवून पुन्हा लिहिले. आता फक्त पेन्सिल, आणि वही दुधाच्या पिशवीत.

आटपाडीला गेलो ते जानेवारीत. तासगाव, विटा, मग भिवघाट. घाट ओलांडला की हवाच बदलते. ऊस संपतो आणि माणदेश सुरू होतो: माळ, बाभळी, मेंढरं, मधेच डाळिंबाच्या बागा. आटपाडीजवळ स्वतंत्रपूर आहे, औंध संस्थानानं वसवलेली कैद्यांची मुक्त वसाहत. भिंत नाही, शेती करायची, कुटुंबासह राहायचं. मॉरिस फ्रीडमन नावाच्या पोलिश इंजिनिअरचा या प्रयोगात मोठा वाटा. शांतारामबापूंचा 'दो आँखें बारह हाथ' (१९५७) यावरूनच सुचला, आणि त्याची कथा-पटकथा गदिमांची. गदिमांचे वडील औंध संस्थानात कारकून; मुलाचं शिक्षण आटपाडी, कुंडल, औंध असं झालं. हे लक्षात आलं तेव्हा मी भर उन्हात गाडी कडेला घेतली. ज्या तीन ठिकाणी मी वही घेऊन फिरतोय, तिथं तो मुलगा शिकला होता! संस्थान तुटक होतं असं आपण म्हणतो, पण कारकुनाच्या बदलीच्या कागदावर ते सलगच होतं.

स्वतंत्रपूर मी रस्त्यावरूनच पाहिलं. तिथं आजही माणसं राहतात, त्यांचं घर म्हणजे आपलं प्रेक्षणीय स्थळ नव्हे.

आता औंध. पहिल्या खेपेला कऱ्हाड, पुसेसावळी करत दुपारी उशिरा पोचलो आणि श्री भवानी संग्रहालयाला जेमतेम चाळीस मिनिटं मिळाली. चूक माझी. संग्रहालय यमाईच्या डोंगराच्या मध्यावर आहे आणि मी आधी वरच्या देवीला गेलो होतो. दुसऱ्या खेपेला उलटं केलं: सकाळी संग्रहालय, उन्हं उतरल्यावर देवी. तुम्हीही असंच करा.

१९३८ मध्ये हे संग्रहालय औंधचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी उभारलं. ते स्वतः चित्रकार, शिवाय कीर्तनकार, आणि सूर्यनमस्काराचा प्रसार तर त्यांनी देशभर केला. रविवर्म्याची मूळ तैलचित्रं इथं आहेत. छापील कॅलेंडरांत पाहून डोळ्यांना सवय झालेली असते, म्हणून मी मुद्दाम एकाच चित्रापुढं अर्धा तास बसलो. जवळून पाहिलं तर साडीचा काठ म्हणजे नुसते सुटे पिवळे-तपकिरी ठिपके. चार पावलं मागं सरकलं की त्यांची जरतार होते. मी सहा वेळा पुढं-मागं केलं.

पण मला खिळवून ठेवलं ते हेन्री मूरच्या आई-मुलाच्या दगडी शिल्पानं. खटाव तालुक्यातल्या डोंगरावर, हस्तिदंत आणि चंदनाच्या नाजूक कोरीव कामांच्या शेजारी, एका इंग्रज शिल्पकाराची ही घट्ट, गोलसर आई. त्या काळी दुष्काळी भागातल्या छोट्या संस्थानाला हे घ्यावंसं वाटलं, याचं मला फार अप्रूप आहे. याच राजानं जानेवारी १९३९ मध्ये गांधीजींच्या सल्ल्यानं घटना करून कारभार प्रजेच्या हाती दिला. पंचायत गावाची, निर्णय गावाचा. ज्याची नजर मूरवर गेली त्याचीच गावच्या पारावरही गेली, आणि हे दोन्ही एकाच माणसात होतं, असं मला खरंच वाटतं. ८ मार्च १९४८ ला संस्थान मुंबई प्रांतात विलीन झालं. ७२ गावं वेगवेगळ्या तालुक्यांत मिसळून गेली.

संध्याकाळी यमाईच्या पायऱ्यांवरून खालचा वाडा आणि दीपमाळ दिसत होती. शेजारी बसलेल्या मावशींनी विचारलं, "कुठनं आलाय?" सांगली म्हटल्यावर म्हणाल्या, "माझं माहेर कुंडलचं. लग्नात म्हातारी मानसं म्हणायची, लेक राज्यातल्या राज्यातच दिली." वहीत हे वाक्य चौकटीत लिहून ठेवलंय.

७२ पैकी १९ गावांपुढं आता खूण झाली आहे. गुणदाळ मात्र बाकी. जत, विजापूर करत जायचं, ज्वारीची काढणी उरकायच्या आत. तिथं कानडी लागेल, म्हणून शेजारच्या काकांकडून "निम्म ऊरु मोदलु यार कडे इत्तु?" एवढं पाठ करतोय. कुणाच्या ओळखीचं तिकडं असेल तर कळवा, गाडीवर मागची जागा रिकामी आहे.