अश्मयुगातली काठी

अश्मयुग हे नाव काठीवर अन्याय करणारं आहे. दगड टिकला म्हणून युग त्याच्या नावावर लागलं. लाकूड कुजलं, आणि त्याची कामगिरीही मातीत गेली.

कुठेतरी चिखलानं हवा अडवली तरच पुरावा हाती येतो. जर्मनीत शोनिंगेनच्या खाणीत १९९० च्या दशकात दोन-तीन लाख वर्षांपूर्वीचे भाले निघाले. बहुतेक स्प्रूस या सूचिपर्णी झाडाचे, दोन-सव्वादोन मीटरचे. टोक खोडाच्या बुंध्याकडच्या, म्हणजे घट्ट लाकडाच्या बाजूला काढलेलं, आणि तेही मधला मऊ गाभा चुकवून जरा एका कडेला. गाभ्यावर टोक काढलं तर ते लवकर मोडतं, हे त्या माणसांना पक्कं ठाऊक होतं.

लाकडाचे हे स्वभाव आजही तेच आहेत. हातात धरायची काठी कापायची तर झाड सुप्त असताना, पानगळीनंतर. कापल्या कापल्या सोलू नये. बाहेरचा थर आधी वाळून आक्रसतो, आत ओल राहते आणि उभा तडा जातो. दोन्ही टोकांना मेण किंवा रंग लावून ती सावलीत, वारा खेळेल अशी आडवी ठेवायची. इंचभर जाडीला साधारण वर्ष, हा जुना हिशेब. घाई करणाऱ्याला बहुधा जळणच मिळतं. थोडा बाक असेल तर वाफेवर मऊ करून सरळ करता येतो, मात्र हव्या त्याहून किंचित जास्त वाकवावं लागतं, कारण लाकूड थोडं मागे येतंच.

आधाराच्या काठीचं माप वेगळं. रोजची पादत्राणं घालून ताठ उभं राहायचं, हात सैल सोडायचे. मूठ मनगटाच्या घडीशी यायला हवी. धरल्यावर कोपर जेमतेम वाकतं. लांब काठीनं खांदा वर चढतो, आखूड काठीनं माणूसच झुकतो. दुकानातून उचलून आणलेल्या काठ्या बहुतेकदा लांबच असतात.

आणि ती दुखऱ्या पायाच्या विरुद्ध हातात धरायची. हे अनेकांना उलटं वाटतं. पण दुखऱ्या पायावर उभं राहताना कंबर दुसऱ्या बाजूला कलू नये म्हणून त्याच बाजूच्या खुब्याचे स्नायू जोर लावतात, आणि तो जोर सांध्यावरच येतो. विरुद्ध हातातली काठी खुब्यापासून लांब असल्यानं थोड्या दाबातही तो बराच हलका करते. काठी आणि दुखरा पाय एकदमच पुढे पडायला हवेत. जिना चढताना आधी चांगला पाय, उतरताना आधी काठी आणि दुखरा पाय. टोकाची रबरी टोपी गुळगुळीत झाली की मात्र ओल्या फरशीवर या साऱ्याचा उपयोग नाही. ती वेळीच बदलावी.