कॉल ऑफ ड्यूटी प्लेस्टेशनवर आहेच, मग बिघडलं काय?

मी कॉलेजात अर्थशास्त्र शिकवतो आणि रात्री मायक्रोसॉफ्टच्या एक्सबॉक्सवर गेम खेळतो. त्यामुळे वर्गात आणि हेडसेटवर, दोन्हीकडे एकच प्रश्न येतो: "सर, मायक्रोसॉफ्टने ॲक्टिव्हिजन ब्लिझार्ड घेतली, त्याने स्पर्धा मेली का?" तर सांगतो. नुकसान झालं, पण ज्याच्यावरून रान उठलं होतं ते नव्हे.

जानेवारी २०२२ मध्ये ६८.७ अब्ज डॉलरचा हा सौदा जाहीर झाला आणि प्लेस्टेशनवाल्या सोनीने धोशा लावला: ॲक्टिव्हिजनचा गाजलेला युद्धाचा गेम कॉल ऑफ ड्यूटी प्लेस्टेशनवरून काढून घेतला तर? बाजारातल्या स्पर्धेवर लक्ष ठेवणारं अमेरिकेचं फेडरल ट्रेड कमिशनही हाच मुद्दा घेऊन कोर्टात गेलं. कन्सोलमध्ये आम्ही तिसऱ्या नंबरावर, आम्हाला कसलं घाबरता, असा मायक्रोसॉफ्टचा पवित्रा. जुलै २०२३ मध्ये न्यायाधीश जॅकलिन स्कॉट कॉर्ली यांनी सौद्यावर मनाई हुकूम द्यायला नकार दिला. तेवढ्यापुरता मला तो निकाल पटतो. प्लेस्टेशनवरचा गल्ला सोडणं म्हणजे आपल्याच पायावर धोंडा. पुढे तर फोर्झा होरायझन ५ सारखा एक्सबॉक्सचा घरचा गेमही प्लेस्टेशनवर आला.

ब्रिटनच्या नियामकाने वेगळीकडे बोट ठेवलं, क्लाउड गेमिंगवर, म्हणजे कन्सोलशिवाय इंटरनेटवरून गेम स्ट्रीम करण्यावर. एप्रिल २०२३ मध्ये त्यांनी सौदा अडवला. स्ट्रीमिंगचे हक्क १५ वर्षांसाठी युबिसॉफ्ट या दुसऱ्या गेम कंपनीला देऊ केल्यावर ऑक्टोबरमध्ये सोडला.

आता बिल बघा. जुलै २०२४ मध्ये १०.९९ डॉलरचा कन्सोल गेम पास, म्हणजे एक्सबॉक्सच्या गेमची मासिक वर्गणी, नव्या ग्राहकांना बंद झाला. त्याच्या जागी १४.९९ चा स्टँडर्ड आणला, म्हणजे पैसे जास्त आणि नवे गेम पहिल्या दिवशी नाहीत. पहिल्या दिवशी हवे तर अल्टिमेट घ्या. तो तेव्हाच १६.९९ वरून १९.९९ ला नेला आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये २९.९९ ला. सव्वा वर्षात पावणेदोनपट! कंपनी म्हणते, गेमही वाढवले की. वाढवले, खरंय. पण गेम बनवणारा, विकणारा आणि वर्गणी घेणारा एकच झाला की 'नको असेल तर सोडा' म्हणणं त्याला फार सोपं जातं.

मला दराहून जास्त लागलं ते टँगो गेमवर्क्सचं. टोकियोचा हा स्टुडिओ मायक्रोसॉफ्टकडे आला तो २०२१ मधल्या झेनिमॅक्स या गेम कंपनीच्या खरेदीतून. जानेवारी २०२३ मध्ये त्यांनी हाय-फाय रश एकाच दिवशी जाहीर करून बाजारातही आणला. ठोसा गाण्याच्या ठेक्यावर बसला तरच खरी मजा, आणि नायकाचं नाव चक्क चाय! कौतुक भरपूर झालं. मे २०२४ मध्ये स्टुडिओ बंद करायचं ठरलं. त्याच वर्षी जानेवारीत गेमिंग विभागातल्या १,९०० जणांच्या नोकऱ्या गेल्याच होत्या. टँगोला शेवटी हात दिला तो क्राफ्टनने, आपल्याकडे बीजीएमआय हा मोबाइल गेम चालवणाऱ्या कंपनीने.

विद्यार्थी म्हणतात, स्वतंत्र स्टुडिओही बुडतातच की. बुडतात, पण आपापल्या हिशेबाने. इथे कुठला गेम जगेल हे ठरवणारी टेबलंच कमी झाली, आणि कोर्टात चर्चा चालली होती एकाच गेमची.

सप्टेंबर २०२५ मध्ये ईए या आणखी एका बड्या गेम कंपनीचा ५५ अब्ज डॉलरचा सौदा जाहीर झाला; घेणारे तिघे, त्यात सौदीचा सरकारी फंडही. यात २० अब्ज कर्जाचे आहेत. इथे प्लेस्टेशन-एक्सबॉक्सचं भांडणच नाही, त्यामुळे वर्गात यावर अजून कुणी हात वर केलेला नाही.