पोकर साइट पारखताना आधी पैसे कुठे ठेवले जातात ते पाहावे

ऑनलाइन पोकर साइट्सची तुलना बहुधा स्वागत-बोनसच्या रकमेपासून सुरू होते. मला हा क्रम उलटा वाटतो. पोकरमध्ये खेळाडू साइटविरुद्ध खेळत नाहीत, एकमेकांविरुद्ध खेळतात. साइट पत्ते वाटते, सगळ्यांचे पैसे सांभाळते आणि त्या कामाचा मोबदला म्हणून पॉटमधून (डावात लावलेल्या एकूण पैशांतून) रेक, म्हणजे आपला हिस्सा, कापून घेते. म्हणून तिच्याविषयी पहिले प्रश्न दोनच: सांभाळायला दिलेले पैसे मागताच परत मिळतील का, आणि पत्ते प्रामाणिकपणे वाटले जातात का? (आपण राहतो तिथल्या कायद्याने पैसे लावून पोकर खेळण्यास मनाई असेल, तर मात्र तुलनेचा प्रश्नच उरत नाही.)

पहिल्या प्रश्नाचे महत्त्व २०११ साली जगभरातील खेळाडूंना कळले. त्या वर्षी १५ एप्रिलला अमेरिकेच्या न्याय विभागाने पोकरस्टार्स, फुल टिल्ट आणि ॲब्सोल्यूट पोकर या साइट्सच्या चालकांवरील आरोपपत्र उघड केले आणि अमेरिकी खेळाडूंसाठी त्यांची दारे बंद झाली. पोकरस्टार्सने आपल्या अमेरिकी खेळाडूंचे पैसे लवकरच परत केले. फुल टिल्टला ते शक्य झाले नाही. सरकारी वकिलांनी न्यायालयात मांडल्यानुसार, ३१ मार्च २०११ रोजी ती खेळाडूंना सुमारे ३९ कोटी डॉलर देणे लागत होती आणि बँकेत मात्र सुमारे ६ कोटीच शिल्लक होते. २०१२ मध्ये पोकरस्टार्सने अमेरिकी सरकारशी केलेल्या तडजोडीतून फुल टिल्ट ताब्यात घेतली, तरी अमेरिकी खेळाडूंना परतफेड सुरू होण्यासाठी २०१४ साल उजाडावे लागले.

फुल टिल्टकडे इंग्लिश खाडीतील ऑल्डर्नी बेटाच्या नियामकाचा परवाना होता, हे विसरता कामा नये. परवान्याचे चिन्ह पानाच्या तळाशी दिसले म्हणून समाधान मानण्यात अर्थ नाही. तो परवाना खेळाडूंच्या पैशांबाबत नेमकी कोणती अट घालतो, ते वाचावे लागते. ब्रिटनच्या गॅम्बलिंग कमिशनच्या नियमांनुसार कंपनीला आपल्या अटींमध्ये हे संरक्षण कोणत्या पातळीचे आहे, म्हणजे संरक्षण नाही, मध्यम की उच्च, हे सांगावेच लागते. पैसे नुसते वेगळ्या खात्यात ठेवलेले असले, तरी कंपनी दिवाळखोरीत निघाल्यावर ते खेळाडूंनाच मिळतील याची हमी त्यातून मिळत नाही. साइटच्या अटींमध्ये या विषयावर एकही स्पष्ट वाक्य सापडत नसेल, तर मी ती साइट तिथेच बाजूला ठेवतो.

पैसे काढण्याची पद्धत मात्र स्वतःच तपासता येते. थोडी रक्कम भरावी, ओळखीची कागदपत्रे लगेच देऊन पडताळणी पूर्ण करून घ्यावी, थोडे डाव खेळावेत आणि मग पैसे काढण्याची विनंती करावी. भरताना क्षणात होणारे काम काढताना आठवडे घेत असेल, तर आणखी काही तपासण्याची गरज राहत नाही. इतरांच्या तक्रारी वाचताना त्यांची संख्या मोजण्यापेक्षा पैसे मिळायला लागणारा वेळ महिन्यागणिक वाढतो आहे का, ते पाहावे.

पत्त्यांचा प्रश्न अधिक गहन आहे. ५२ पत्ते जितक्या क्रमांनी लागू शकतात, ती संख्या लिहायला ६८ अंक लागतात. १९९९ मध्ये एएसएफ सॉफ्टवेअर या कंपनीने आपली पत्ते पिसण्याची रीत खुली केली, तेव्हा संगणक-सुरक्षेच्या अभ्यासकांना असे आढळले, की तो प्रोग्रॅम मध्यरात्रीपासून उलटलेल्या मिलिसेकंदांवरून पिसण्याची सुरुवात ठरवणारा आकडा घेतो आणि म्हणून दिवसभरात जास्तीत जास्त ८ कोटी ६४ लाखच क्रम तयार करू शकतो. त्यांनी आपले घड्याळ सर्व्हरच्या घड्याळाशी जुळवून ही संख्या सुमारे २ लाखांवर आणली. मग हातातले दोन आणि फ्लॉपचे (टेबलावर सगळ्यांसाठी प्रथम उघडले जाणारे) तीन पत्ते कळताच टेबलावरच्या सगळ्यांचे पत्ते ओळखता येत होते. चूक सापडली ती रीत खुली केल्यामुळे, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते. त्यामुळे ‘आमचे पत्ते पूर्णपणे रॅन्डम आहेत’ या वाक्यापेक्षा स्वतंत्र प्रयोगशाळेचे प्रमाणपत्र, त्यावरील तारीख आणि ज्या सॉफ्टवेअरची तपासणी झाली त्याचे नाव पाहावे.

पत्ते नीट पिसले गेले, तरी आतला माणूस ते पाहू शकतो. २००७ मध्ये ॲब्सोल्यूट पोकरवर असेच घडले. एका स्पर्धेतील खेळाडूने आपल्या डावांची नोंद मागितली, तेव्हा कंपनीकडून सगळ्यांचे झाकलेले पत्ते असलेली फाइल गेली आणि तिच्यावरून खेळाडूंनीच ती फसवणूक उघडकीस आणली. म्हणून हँड हिस्टरी (खेळलेल्या डावांची नोंद) सहज उतरवून घेता येणे, ही माझ्या मते सोय नसून आवश्यक अट आहे. बॉट (माणसाऐवजी खेळणारे प्रोग्रॅम) आणि खेळाडूंचे संगनमत यांविरुद्ध साइट काय करते, किती खाती बंद केली आणि नुकसान झालेल्यांना पैसे परत दिले का, हे ती उघडपणे सांगत असेल तर विश्वास वाढतो.

रेकची तुलना टक्केवारीवर थांबवू नये. एक साइट ५ टक्के घेते आणि कमाल ३ डॉलर; दुसरी ४ टक्के घेते आणि कमाल ६ डॉलर. ४० डॉलरच्या पॉटमध्ये दुसरी स्वस्त पडते, २०० डॉलरच्या पॉटमध्ये ती दुप्पट महाग. छोट्या टेबलांवर तर कमाल मर्यादेचा काहीच उपयोग नसतो: १० सेंटच्या बिग ब्लाइंडवर (पत्ते पाहण्याआधी लावावी लागणारी सक्तीची मोठी पैज) ५ टक्क्यांनी ३ डॉलरची मर्यादा गाठायला पॉट ६०० बिग ब्लाइंडचा व्हावा लागेल, आणि प्रत्येकी १०० बिग ब्लाइंड घेऊन बसलेल्या दोघांचा पॉट २०० च्या पुढे जातच नाही. बोनसलाही हाच हिशेब लावावा. भरलेल्या रेकच्या २० टक्क्यांइतका बोनस सुटत असेल, तर ६०० डॉलर मिळवायला ३,००० डॉलर रेक भरावा लागतो, तोही बहुधा ठरावीक मुदतीत.

खेळाडूंची गर्दी आपण खेळतो त्या वेळेला आणि आपण लावतो तेवढ्या पैजेच्या टेबलांवर पाहावी, कारण एकूण आकडा इतर खेळांचे ग्राहकही मोजून फुगवलेला असू शकतो. शेवटी खात्याच्या सेटिंगमध्ये जाऊन पैसे भरण्याची मर्यादा लावून पाहावी: मर्यादा कमी केल्यास ती तत्काळ आणि वाढवल्यास काही काळ थांबून लागू होत असेल, तर साइटने हे काम मनापासून केले आहे.