बिग बॉय पुन्हा का चालवलं?

माझं वाफेच्या इंजिनांचं वेड ठाऊक असलेले लोक हमखास विचारतात, "अमेरिकेत बिग बॉय जातीची सात इंजिनं छान जपून उभी केली आहेत. मग आठवं चालवायचा एवढा खटाटोप कशाला?" तुम्हीही विचारलंत म्हणून सांगतो.

डेन्व्हरच्या फोर्नी संग्रहालयात ४००५ क्रमांकाचं इंजिन आहे. त्याच्याभोवती मी दोन तास घुटमळलो. टेंडर (मागे जोडलेला कोळसा-पाण्याचा डबा) धरून १३२ फूट लांब, सोळा मोठी चाकं, एकेक चाक माझ्या उंचीएवढं. पण खरी करामत तिथे दिसत नाही. युनियन पॅसिफिक या रेल्वे कंपनीला वासाच डोंगरांचा चढ जड मालगाडीसकट एकाच इंजिनाने चढायचा होता. एवढं धूड वळणावर न्यायचं तर मधे सांधा हवाच. म्हणून आठ-आठ चाकांचे दोन संच केले. मागचा बॉयलरला पक्का, पुढचा बॉयलरखाली डावी-उजवीकडे फिरणारा. ४००५ उभं आहे सरळ रुळांवर, त्याचा सांधा फिरणार कसा?

मे २०१९ मध्ये युटातल्या एको कॅन्यनमध्ये मी रुळांपासून जरा दूर उभा होतो. ४०१४, म्हणजे ते पुन्हा चालवलेलं आठवं इंजिन, वळणात शिरलं. पुढची चाकं रुळांबरोबर वळली आणि बॉयलरचं नाक मात्र तसंच सरळ, वळणाबाहेर डोकावत राहिलं. इतकी वर्षं चित्रांत पाहिलेला सांधा त्या क्षणी कळला. डोळे भरून आले.

याचं श्रेय मी आधी पोमोनाच्या रेल्वे संग्रहालयातल्या स्वयंसेवकांना देतो. ४०१४ तिथे, कॅलिफोर्नियात, १९६२ पासून उघड्यावर होतं. हवा कोरडी होती हे खरं, पण पन्नास वर्षं त्यांनी निगा राखली नसती तर २०१३ मध्ये कंपनीने ते परत घेतलंच नसतं. बाहेर काढायला रूळही नव्हते. वाहनतळावर रुळांचे तुकडे मांडायचे, इंजिन पुढे सरकवायचं, मागचे तुकडे उचलून पुन्हा पुढे मांडायचे! कंपनीच्या शायेनमधल्या कार्यशाळेत पोचायला मे २०१४ उजाडला.

कोळशाऐवजी आता ते तेलावर चालतं, म्हणून काही जण नाकं मुरडतात. मला ते पटत नाही. तेलाचा प्रयोग कंपनीने १९४६ मध्येही केला होता. जमला नाही, दोन वर्षांनी पुन्हा कोळसा आला. आणि तो केला होता डेन्व्हरच्या याच ४००५ वर.